तंत्रविद्येची भाषा आणि वेशीबाहेरचा विद्यार्थी

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आठ राज्यांतील चौदा अभियांत्रिकी महाविद्यालयांना पाच भारतीय भाषांतून शिकवण्यास मान्यता दिली. त्या पाचांत मराठी होती, आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू झाला. मराठीच्या कैवाऱ्यांनी या घटनेचे स्वागत केले. मराठी आता ज्ञानभाषा होणार, खेड्यातल्या मुलाच्या वाटेतली इंग्रजीची धोंड दूर झाली, असे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. हा आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण या आनंदात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती अशी की इंग्रजीच्या जागी मराठी ठेवली की खेड्यातला मुलगा आपल्या भाषेत येऊन पोहोचतो.

मी मूलमध्ये मराठी शिकवतो. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे राइस मिलचे गाव. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांची मराठी आणि ज्ञानभाषा म्हणून गौरवली जाणारी मराठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून वरच्या गृहीताची तपासणी करणे मला भाग आहे. हे काम यंत्रशास्त्राचे नव्हे, समीक्षेचे आहे. भाषा कोणाची, ती कोणासाठी घडवली गेली आणि तिने कोणाला बाहेर ठेवले, हे प्रश्न दलित साहित्याने मराठी कवितेला आणि कादंबरीला विचारले. पाठ्यपुस्तकातल्या आणि परिभाषा कोशातल्या मराठीला ते तितक्या कठोरपणे विचारले गेले नाहीत. कविता वाचता आली नाही तर माणूस नापास होत नाही, परिभाषा वाचता आली नाही तर होतो.

येथे थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील राइस मिलमध्ये हमाल होते. दहावीपर्यंत मी विज्ञान मराठीतून शिकलो. ‘त्वरण’, ‘विस्थापन’, ‘संवेग’ हे शब्द व्याख्यांसह पाठ केले, आणि गुणही चांगले मिळवले. अकरावीला विज्ञान शाखा घेतली, आणि तेथे सगळे इंग्रजीतून. आमच्या राज्यात दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेल्या मुलाची मराठी अकरावीच्या उंबरठ्यावर काढून घेतली जाते. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द लिहिला गेला. तो शब्द म्हणजे मला पाठ असलेले त्वरणच, हे दिवाळीपर्यंत मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण विचारायचे तर इंग्रजीत विचारावे लागेल अशी माझी समजूत होती. वर्षाअखेर नापास झालो आणि कला शाखेत गेलो. माझ्या मराठीच्या प्राध्यापकीचे मूळ विज्ञानातल्या नापासात आहे, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

हे एवढेच असते तर निष्कर्ष सोपा होता: इंग्रजी दोषी. पण अलीकडे त्या काळाचा विचार करताना दुसरी गोष्ट खुपू लागली. ‘त्वरण’ हा शब्द तरी माझा कुठे होता? तोही मी परक्या भाषेतल्या मंत्रासारखाच घोकला होता. राइस मिलमध्ये धान घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला म्हणायचा, गाडी पिकप घेत नाही. वेग किती झपाट्याने वाढतो याविषयीच तो बोलत होता. त्याला कल्पना होती, अनुभव होता आणि शब्दही होता. हा शब्द जन्माने इंग्रजी आहे हे त्याला ठाऊक नव्हते, ठाऊक असण्याची गरजही नव्हती. माझ्या दहावीच्या शिक्षकाला ‘पिकप’ अशुद्ध वाटला असता आणि अकरावीच्या शिक्षकाला गावंढळ. एकाने मला संस्कृत दिले, दुसऱ्याने इंग्रजी. दोघांच्या मध्ये जो शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी होता, तो वर्गात आलाच नाही.

ही परिभाषा आली कोठून? संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपले. त्याच सुमारास, १९६१ साली, केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. साऱ्या भारतीय भाषांत शब्द सारखे असावेत आणि त्यासाठी संस्कृत धातूंचा आधार घ्यावा, असे त्याचे धोरण राहिले. वरवर पाहता हे सोयीचे वाटते. पण सोय कोणाची? बंगाली पंडित आणि मराठी पंडित यांना एकमेकांचा शब्द कळावा म्हणून मराठी फिटरला मराठी शब्द कळू नये, असा हा व्यवहार झाला. याची परंपरा जुनी आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचवले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांतले ‘महापौर’सारखे शब्द आज सर्रास वापरात आहेत. पण प्रत्येक वेळी ‘शुद्धी’ हाच शब्द का वापरावासा वाटला, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. शब्दालाही विटाळ होतो असे मानणाऱ्यांनी विटाळ कोणाच्या तोंडचा मानला असेल?

एकच शब्द घेऊन पाहू. आय.टी.आय.च्या फिटर ट्रेडमधला मुलगा ‘फाइल’ म्हणजे कानस हे पहिल्या महिन्यात शिकतो, कारण ती हातात घेऊन लोखंड घासावे लागते. तोच मुलगा दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जातो तेव्हा तेथल्या कागदावर फाइलला ‘नस्ती’ म्हटलेले असते. संगणकाचे मराठी पुस्तक उघडतो तर तेथे ‘धारिका’, आणि दुसऱ्या पुस्तकात ‘संचिका’. संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘फाइल’. बाबू तोंडाने ‘फाइल’ म्हणतो, साहेब ‘फाइल’ म्हणतो, पुस्तकाचा लेखकही घरी ‘फाइल’च म्हणत असला पाहिजे. मग ‘धारिका’ कोणासाठी आहे? ती फक्त परीक्षेत लिहिण्यासाठी आहे. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून ज्याने मराठी पुस्तक घेतले, त्याच्यावरच एक जादा शब्द पाठ करण्याचा दंड बसतो. इंग्रजी येणाऱ्याला हा दंड नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की घडवलेला प्रत्येक शब्द वाईट नसतो. ‘संगणक’ रुळला. ‘कळफलक’ मला आवडतो, कारण त्यात कळ आहे आणि ती दाबता येते. ‘परवलीचा शब्द’ तर नव्याने घडवलेलाही नाही, पहारेकऱ्याचा जुना शब्द नव्या कामाला लावला आहे. शब्द संस्कृतातून आला की तो आपोआप शत्रू, असे मानणे हा विचार नव्हे, संताप आहे. प्रश्न इतकाच की शब्द कामाच्या जागेवरून उचलला की ग्रंथालयातून. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातला कारागीर ‘क्वाइल जळली’ म्हणतो. राइस मिलचा ऑपरेटर ‘शेलर’, ‘पॉलिशर’, ‘इलेव्हेटर’, ‘सॉर्टेक्स’ हे शब्द झाडीबोलीच्या वाक्यात बेमालूम बसवतो. सॉर्टेक्स हे मुळात एका यंत्राच्या कंपनीचे नाव, पण आमच्याकडे रंग पाहून काळा दाणा वेगळा करणारे कोणतेही यंत्र म्हणजे सॉर्टेक्स. हा ऑपरेटर सातवी-आठवी शिकलेला असतो आणि बिघडलेले यंत्र आवाजावरून ओळखतो. तंत्रज्ञानाची मराठी तयार नाही असे जे म्हणतात, त्यांनी एक दिवस त्याच्याजवळ उभे राहावे.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. ज्या ग्रंथांशी आणि ज्या सभांशी शूद्रातिशूद्रांच्या जगण्याचा मेळ बसत नाही तेथे आपण जाऊन बसणार नाही, हा त्यांच्या पत्राचा रोख होता. आपण ते पत्र साहित्य संमेलनांच्या संदर्भात वारंवार आठवतो. ते अभियांत्रिकीच्या मराठी क्रमिक पुस्तकांच्या संदर्भातही आठवले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि ही बाजू आपल्या घरातली असल्यामुळे अधिक अवघड आहे. इंग्रजीशी आपले नाते प्रस्थापित मराठी माणसासारखे नाही. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीत ठेवले. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढले, पण ज्यांच्याशी वाद घालायचा होता त्यांच्यासाठी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत लिहिले. इंग्रजीच्या बाजारात जात विचारली जात नाही, ही भाबडी समजूत बाजूला ठेवली तरी, इंग्रजीने मनूच्या बाहेरचे एक दार उघडले हे ऐतिहासिक सत्य आहे. त्यामुळे ‘मराठीतून शिका’ असा उपदेश जेव्हा आपली मुले इंग्रजी शाळेत घालणारा वर्ग आपल्याला करतो, तेव्हा आपण सावध होतो ते योग्यच आहे.

परंतु सावध होणे वेगळे आणि भक्त होणे वेगळे. २०१० साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांच्या प्रेरणेने इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्याचे काम सुरू झाले. देवीच्या हातात लेखणी आहे आणि ती संगणकाच्या पडद्यावर उभी आहे. या कल्पनेतला उपहास मला कळतो. सरस्वतीला दिलेले ते उत्तर आहे. तरीही १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांसमोर देवांना नकार दिला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला ही देवी पचत नाही. देवी म्हटली की तिच्यापुढे हात जोडायचे असतात. इंग्रजी ही हात जोडण्याची वस्तू नाही, ती शिकण्याची वस्तू आहे, आणि आपल्या मुलांना ती नीट शिकवली जात नाही ही खरी तक्रार आहे. आमच्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्यासमोर आज बसणारी मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेली असतात. त्यांना इंग्रजीत स्वतःचे नाव सांगता येते आणि ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ हा निबंध पाठ असतो. यंत्राच्या पेटीवर चिकटवलेली सूचना मात्र वाचता येत नाही.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आपल्या लोकांना फारसा उपयोग नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. पुढे मजूरमंत्री म्हणून वीज आणि जलनियोजनाचे खाते त्यांनी हाताळले. आपण बाबासाहेबांचा अर्थशास्त्रज्ञ, घटनाकार, धर्मप्रवर्तक म्हणून अभ्यास करतो. तंत्रविद्येविषयीच्या या आग्रहाकडे आपल्या लेखनात फार कमी लक्ष गेले आहे. त्या निवेदनाला ऐंशी वर्षे उलटून गेली, आणि आमच्या तालुक्यातली शिकणारी मुले अजूनही मोठ्या संख्येने कला शाखेतच येतात. मीही त्यांतलाच एक.

यंत्र निःपक्षपाती असते असे समजण्याचेही कारण नाही. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांची जी पहिली प्रमाण यादी झाली तिच्यात १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरीला एकही नव्हती. युनिकोडमुळे १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. तरीही पुढे कित्येक वर्षे एका फाँटात टाइप केलेली मराठी दुसऱ्याच्या संगणकावर किड्यामुंग्यांसारखी दिसे (आपल्या चळवळीतल्या नियतकालिकांच्या संपादकांना हे दुःख सांगायला नको). मोबाइलवरच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठी लिहिली की मर्यादा ७० वर येते. त्या ७० मध्येही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ या एका शब्दाला दहा जागा लागतात. ज्या काळात संदेशाला पैसे पडत, त्या काळात मराठीत निरोप पाठवणारा इंग्रजीवाल्यापेक्षा दुप्पट मोजत होता. मग लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले, आणि भाषाप्रेमींनी त्यांनाच दोष दिला.

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषाही इंग्रजी शब्दांवर उभ्या आहेत. हा निसर्गाचा नियम नव्हे. रशियात ‘वन-सी’ नावाच्या हिशेबाच्या प्रणालीत आज्ञा रशियन शब्दांत लिहिल्या जातात आणि तेथली दुकाने-कारखाने त्यावर चालतात. पण माझा अनुभव असा की खरी अडचण आज्ञांची नाहीच. ‘सी’ या भाषेच्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत सारे मिळून ३२ राखीव शब्द आहेत. ३२ शब्द कोणीही शिकेल, आमच्या मुलांनी याहून अवघड गोष्टी पाठ केल्या आहेत. अडचण पुढे येते. आज्ञा चुकली की यंत्र इंग्रजीत तक्रार करते. ती तक्रार समजून घ्यावी लागते, तिचे उत्तर शोधावे लागते, आणि सापडले नाही तर कोणाला तरी विचारावे लागते. विचारायचे तर प्रश्न इंग्रजीत, व्याकरणाला धरून, आणि आपण अडाणी दिसणार नाही अशा बेताने मांडावा लागतो. आमचा मुलगा येथे थांबतो. त्याला विषय कळत नाही म्हणून नव्हे. त्याला प्रश्न विचारता येत नाही म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते आणि तो लिहून टाकतो, विद्यार्थी कच्चा आहे.

‘मूकनायक’ हे नाव १९२० साली का निवडले गेले याचा विचार केला तर भाषेचा हा प्रश्न किती जुना आहे ते कळते. आपल्याला बोलता येत नव्हते असे नाही. आपले बोलणे जेथे ऐकले जाईल तेथे बोलण्याची मुभा नव्हती.

आता या सगळ्या मांडणीच्या आणखी एक पाऊल मागे जाऊ. मी ‘आमचा विद्यार्थी’ म्हणतो तेव्हा धानपट्ट्यातला, झाडीबोली बोलणारा मुलगा माझ्यासमोर असतो. त्याच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’, डोळ्याला तो डोरा म्हणतो. त्याला निदान मराठी ऐकायची सवय आहे. पण एटापल्ली-भामरागडकडून येणारा माडिया मुलगा? त्याच्या दृष्टीने मराठी हीच इंग्रजी आहे. तो आधी मराठी नावाची परकी भाषा शिकतो, मग त्या परक्या भाषेतली संस्कृत परिभाषा, मग इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक नोंदले गेले, पण गोंडी आठव्या परिशिष्टात नाही. २०१७ आणि २०१८ साली गोंडीच्या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे यंत्राने गोंडीची अक्षरे मान्य केली. मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, ती लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काढली. सुरजागडच्या डोंगरात लोखंडाची खाण सुरू आहे, अवाढव्य यंत्रे माडियांच्या दारापर्यंत आली आहेत, आणि त्या यंत्रांची माहितीपुस्तिका माडियात कोणी लिहिलेली नाही. मराठीतून अभियांत्रिकी म्हणून टाळ्या वाजवताना या मुलाचे काय करायचे, हे कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर आपणही विचारले नाही. आपल्या नियतकालिकांतील मराठी, माझ्या या लेखातील मराठी धरून, त्याच्यासाठी कोठे लिहिलेली असते? आपणही ‘गृहीत’ आणि ‘मांडणी’ लिहितो.

हे मला शिकवले ते एका विद्यार्थिनीने. आमच्याकडे विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तेथे दोन जुने संगणक आहेत. बोललेले मराठी आपोआप टाइप होते हे मी मोठ्या कौतुकाने मुलांना दाखवत होतो. ती बोलली तेव्हा यंत्राने भलतेच शब्द उमटवले. मी तिला म्हणालो, ‘अगं, पानी नाही, पाणी म्हण. स्पष्ट म्हण.’ तिने दोनदा प्रयत्न केला, मग गप्प बसली. यंत्र बनवणाऱ्याने तिची बोली मोजलीच नव्हती, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, यंत्राच्या बाजूने उभा राहून तिची जीभ दुरुस्त करीत होतो. हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आले.

त्यानंतर अभ्यासिकेत एक जाड वही ठेवली आहे. यंत्राने जी जी तक्रार पडद्यावर दाखवली ती इंग्रजीतली जशीच्या तशी मराठी अक्षरांत उतरवायची, आणि तिच्यासमोर तिचा अर्थ ज्याला कळला त्याने आपल्या बोलीत लिहायचा. शब्द शुद्ध हवा अशी अट नाही. कोणी ‘फाइल गवसली नाई’ असे लिहिले आहे. ‘सिंटॅक्स एरर’समोर त्याच मुलीने लिहिले आहे, ‘सांगाचं ते बरोबर हाये, लिवनं चुकलं.’ खाली एका माडिया मुलाने आपल्या भाषेत एक ओळ लिहिली आहे. ती आमच्यापैकी कोणाला वाचता येत नाही, म्हणून तो सुट्टीहून परत आला की त्याच्याकडून समजून घ्यायची आहे. इंग्रजीचा तासही रोज असतो, आणि तो निबंधाचा नाही. प्रश्न कसा विचारायचा याचा आहे. वहीची ऐंशी पाने भरली आहेत. कोशकारांपैकी कोणाला पाहायची असेल तर ती विहारात, खिडकीजवळच्या फळीवर आहे.